कोंडवाडा, पडके घर आणि पाहणी करणारा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की जळगाव काय किंवा धुळे काय, जुन्या पेठेतून जाणाऱ्यास दोन देखावे हटकून दिसतात. सभोवार चिखल आणि मध्ये तेवढीच जागा कोरडी, म्हणून भर रस्त्यावर पाच-सात गाई रवंथ करीत बसलेल्या असतात. आणि त्यांच्या पलीकडे एखाद्या दुमजली जुन्या घराची मातीची भिंत रस्त्याच्या बाजूस पोट काढून उभी असते. गाई वाट देत नाहीत आणि भिंत तूर्त पडत नाही, म्हणून जाणारा-येणारा दोहोंनाही वळसा घालून आपल्या कामास निघून जातो. त्या घरात मात्र खाली दुकान आणि वर दोन बिऱ्हाडे असतात, आणि रात्री पावसाची झड लागली म्हणजे वरच्या बिऱ्हाडांना झोप येत नाही.

या दोन देखाव्यांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. दोहोंची जबाबदारी कायद्याने एकाच संस्थेवर, म्हणजे नगरसंस्थेवर टाकलेली आहे, हा एक संबंध झाला. दुसरा त्याहून जवळचा आहे. दोन्ही कामे शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: जाऊन पाहणारा माणूस नेमलेला आहे काय, आणि नेमलेला असल्यास त्याच्या कामावर नजर कोणाची?

धुळ्याची नगरपालिका १८६२ साली आणि जळगावची १८६४ साली स्थापन झाली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला, त्याच्याही आधीच्या या संस्था. २००३ साली दोन्ही ठिकाणी महानगरपालिका झाल्या. नाव बदलले, हद्द वाढली. परंतु मोकाट जनावर धरणे आणि पडाऊ घर उतरविणे ही दोन जुनी कामे चुकली नाहीत.

कोंडवाडा हा शब्द आज बहुधा थट्टेने वापरला जातो. दाटीवाटीने माणसे बसविलेल्या खोलीस ‘हा तर कोंडवाडा’ असे म्हणण्याची चाल आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने कोंडवाडा ही पुष्कळ विचाराने उभारलेली संस्था होती. इ. स. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा हा तिचा पाया. पिकाची नासाडी करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे व चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचते करावे. तेथील रखवालदाराने जनावराचे वर्णन, धरल्याचा दिवस व वेळ आणि धरणाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्यावे. जनावर सुटेपर्यंत त्यास चारापाणी द्यावे. मालक आला म्हणजे दंड व खावटीचा खर्च घेऊन जनावर त्याच्या स्वाधीन करावे, अशी ही व्यवस्था. दंडाचे कोष्टक कायद्यातच छापलेले होते. शेळी-मेंढीस एक आणा आणि हत्तीस दोन रुपये! खानदेशच्या कपाशीत हत्ती शिरण्याचा प्रसंग विरळाच. पण कायदा हिंदुस्थानाकरिता होता, आणि करणाऱ्यांनी कोणतेही जनावर विसरावयाचे नाही असे ठरविले असावे.

सात दिवसांत मालक न आल्यास रखवालदाराने पोलीस ठाण्यास कळवावयाचे. मग ठाण्यावर नोटीस लागावयाची, जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटली जावयाची, आणि आणखी सात दिवस वाट पाहून जनावराचा जाहीर लिलाव व्हावयाचा. येथे या कायद्यातले एक कलम मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. पोलीस, दुसरा कोणी संबंधित अधिकारी किंवा खुद्द कोंडवाड्याचा रखवालदार यांपैकी कोणीही त्या लिलावात प्रत्यक्ष वा आडून जनावर विकत घेऊ नये, अशी स्पष्ट मनाई केलेली होती. रखवालदाराने कामात कसूर केल्यास त्यासच पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. आणि जनावर बेकायदा धरले गेले असल्यास मालकाला मॅजिस्ट्रेटकडे दाद मागून भरपाई मिळविता येत असे. म्हणजे ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती हिशेब राहू नये आणि त्यास फायद्याची वाटही मोकळी राहू नये, एवढी सावधगिरी १८७१ साली घेतलेली होती. पुढे कोंडवाडे स्थानिक संस्थांकडे आले, आणि १९५८ च्या कायद्याने खेड्यांतील कोंडवाड्यांचा कारभार ग्रामपंचायतींच्या हाती देण्यात आला. किल्ली हाती आली, पण तिच्यामागची सावधगिरी तितक्या कसोशीने हाती आली काय, याची शंका वाटते.

या जुन्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट होती. जनावराला किंमत आहे, हे ते गृहीत. बैल शेतास हवा, गाय दुधास हवी, म्हणून मालक धावत येणार. तो न आलाच, तर लिलावात गिऱ्हाईक मिळणार. आणि दंड व लिलाव यांच्या पैशातून चाऱ्याचा खर्च निघणार. कोंडवाडा हे चार-आठ दिवसांचे ठाणे, कायमचे घर नव्हे. आज हे गृहीत ढासळलेले आहे. बैलाचे काम पुष्कळसे ट्रॅक्टरकडे गेले. महाराष्ट्रात गोवधबंदी पूर्वीपासून होती. १९९५ च्या दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ती बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. त्या धोरणाच्या इष्टानिष्टतेचा येथे विचार कर्तव्य नाही. परंतु म्हातारा बैल किंवा भाकड गाय सोडवून नेण्यास मालक येत नाही आणि लिलावातही ती कोणी घेत नाही, हा त्याचा व्यवहारातला परिणाम नगरसंस्थेच्या दाराशी येऊन उभा राहिला. चौदा दिवसांकरिता बांधलेल्या आवारात जनावर चौदा महिने राहू लागले, की तो कोंडवाडा राहत नाही. तो निवारा होतो. निवाऱ्यास सावली लागते, आजारी जनावरास वेगळी जागा लागते, गुरांचा डॉक्टर लागतो, आणि मेलेल्या जनावराची नोंद लागते. रखवालदाराच्या एका वहीने तेथे भागत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम खानदेशात पांजरपोळांनी केले. जळगाव व धुळे या दोन्ही व्यापारी गावी पांजरपोळ आहेत, आणि त्यांच्यामागे व्यापारी समाजाची भूतदया आहे. या संस्थांची परंपरा जुनी. मुंबईत १८३२ साली रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. सौद्यामागे काही रक्कम धर्मादाय म्हणून बाजूस काढावयाची आणि तिच्यातून मुक्या जनावरांना पोसावयाचे, हा परिपाठ बाजारपेठांतून पुष्कळ वर्षे चालला.

मात्र दान दिले म्हणजे पाहणीची जरुरी उरत नाही, असा एक समज आपल्या समाजात आहे, आणि तो चुकीचा आहे. १९५० च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे अशा संस्थेचे हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे जातात. पण हिशेबाच्या कागदावर चारा किती विकत घेतला हे दिसते. तो जनावराच्या पोटात गेला किंवा नाही, हे दिसत नाही. गुरांच्या आरोग्याची बाब पशुसंवर्धन खात्याची. जनावरांना क्रूरतेने वागविल्याची तक्रार १९६० च्या कायद्याखाली पोलिसांकडे. खटल्यात जप्त केलेली जनावरे २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असेतो गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवावयाची. असे चार मालक झाले, की प्रत्येकास वाटते पाहण्याचे काम दुसऱ्याचे.

अलीकडे या प्रश्नास पैशाची एक नवी बाजू आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा केला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. त्याच सुमारास गोशाळांतील देशी गाईंकरिता दर गाईमागे दररोज ५० रुपये अनुदान देण्याचे ठरले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत गोशाळांच्या पडताळणीसाठी समिती असावी असेही ठरले. शंभर गाई असतील तर वर्षास १८ लाख २५ हजार रुपये होतात, हा हिशेब तिसरीतला मुलगाही करील. प्रश्न एवढाच, की शंभर आहेत हे मोजावयाचे कोणी, केव्हा आणि आगाऊ कळवून की न कळविता? वर्दी देऊन केलेल्या पाहणीत गोठे झाडलेले असतात आणि गव्हाणी भरलेल्या असतात. शाळेची तपासणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको.

कुत्र्यांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तेथे रेबीजची भीती आहे. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्री धरून त्यांची नसबंदी व लसटोचणी करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. त्यानंतर कुत्रे जेथून धरले तेथेच सोडावे, असे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व तिच्या परिसरातील कुत्री निवाऱ्यात नेऊन ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली अथवा अंगावर येणारी वगळता बाकीची कुत्री नसबंदी व लस झाल्यावर मूळ जागी सोडावीत असे सांगितले. आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतील कुत्री मात्र काढून निवाऱ्यात ठेवण्यास, तसेच महामार्गांवरील मोकाट गुरे हलविण्यास फर्माविले. आदेश दिल्लीत झाला, तरी निवारा गावात हवा. त्यासाठी जागा, दवाखाना आणि माणसे हवीत.

या नियमांत देखरेखीसाठी एक स्थानिक समिती सांगितली आहे, आणि तिचे अध्यक्षपद नगरसंस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याकडे आहे. नसबंदीचा ठेका देणार तीच कचेरी, बिल मंजूर करणार तीच, आणि काम नीट झाले की नाही हे पाहणाऱ्या समितीच्या डोक्यावरही तोच अधिकारी. त्यात पशुवैद्य व प्राणिमित्र संस्थांचे लोक असतात, ही गोष्ट चांगली. परंतु १८७१ च्या कायद्याने रखवालदारास लिलावापासून दूर ठेवले होते, ते ज्या विचाराने, तो विचार येथे सैल पडलेला आहे. हाच वाद परदेशातही चालू असतो. अमेरिकेत ज्यास कौंटी म्हणतात त्या जिल्हासंस्थांपुढेही निवारा चालविणाऱ्याकडेच त्याची देखरेख असावी, की ती निराळ्या मंडळाकडे द्यावी, हा प्रश्न पुनःपुन्हा येतो.

जनावरांपुरते हे झाले. आता त्या पोट काढलेल्या भिंतीकडे वळावयाचे.

खानदेशातील जुने घर बहुधा धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या, आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, यात शंका नाही. पण पावसाळ्यापूर्वी गळती बंद करण्यासाठी वर नवी माती टाकावयाची, असे दरसाल करीत गेले म्हणजे छपराचे वजन वाढत जाते. इकडे तुळईचे भिंतीत गेलेले टोक वाळवी आतून पोखरीत असते. बाहेरून रंग दिलेला, म्हणून दिसत नाही. शिवाय जमीन काळी. ती पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते, त्यामुळे पाया दरवर्षी किंचित वर-खाली होतो. पेठेत मागाहून रस्ते उंचावले आणि जुनी जोती खाली गेली. पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरू लागले. भिंत पडते ती वादळाच्या धक्क्याने क्वचित. बहुधा झड थांबून ऊन पडल्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना ती बसते.

हे सर्व जाणत्या माणसास आधी दिसते. भिंतीस ओळंबा लावला, की ती किती बाहेर आली हे कळते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून आठ-पंधरा दिवसांनी पाहिली, की तडा वाढतो आहे किंवा जुनाच आहे हे कळते. तुळईवर हातोडी मारून तिचा आवाज ऐकला, की ती भरीव आहे की पोकळ हे कळते. यात यंत्राचे काम थोडे, आणि जिना चढून वर जाणाऱ्या माणसाचे फार आहे.

कायदा याबाबतीत अपुरा आहे असे म्हणता येत नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात धोकादायक इमारतीची नोटीस देण्याचा, ती दुरुस्त करावयास लावण्याचा, प्रसंगी पाडण्याचा अधिकार दिलेला आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याची सक्तीही आहे. इमारतींचे वर्ग पाडलेले आहेत: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. पण या चारांपैकी कोणती, हे ठरवावयाचे कोणी तरी आत जाऊन पाहिल्यावर. रस्त्यावरून पाहून नोटीस डकविली, तर मालक म्हणतो भाडे दोनशे रुपये, दुरुस्ती कोठून करू. आणि भाडेकरू म्हणतो एकदा बाहेर पडलो म्हणजे पुन्हा आत कोण घेणार? दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील जागा मोजून तिची नोंद त्याच्या हाती द्यावी, असे शासनाचे निर्देश आहेत. ती नोंद मिळाली, तर पुष्कळ कुटुंबे घर सोडण्यास राजी होतील. मोजणारा आला नाही, तर कुटुंब त्या भिंतीखालीच राहते.

जुनीच घरे पडतात असेही नाही, आणि याचा दाखला खानदेशाबाहेर शोधावा लागतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. ती बांधून दहा वर्षेही झालेली नव्हती. तीस वर्षांच्या नियमाच्या जाळ्यात ती सापडलीच नसती. गुन्हा नोंदला गेला तो बांधणाऱ्याबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा येथे बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ जणांचा प्राण गेला. ती काही महिन्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती.

नव्या बांधकामात पाहणीचे तीन टप्पे महत्त्वाचे: परवानगी, जोत्याची तपासणी, आणि काम पुरे झाल्यावर भोगवट्याचा दाखला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागास एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानण्याची, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची सवलत आहे. मध्यम स्थितीतील कुटुंबाचे हेलपाटे यामुळे वाचले, आणि ते वाचावयास हवेच होते. परंतु कचेरीतील तपासणी कमी केली, तर जागेवरील तपासणी वाढविली पाहिजे. नाहीतर अधिकाऱ्याचा डोळा निघून जातो आणि त्याच्या जागी परवानाधारक अभियंत्याची सही उरते, ज्याची फी घरमालकच देतो. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, तेव्हा पुढच्याच वर्षीच्या कायद्यात तेथील लोकांनी भिंतींची जाडी ठरविली, आणि त्याबरोबरच नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे जाणकार नेमण्याची तरतूद केली. नियम आणि माणूस एकाच कागदावर आले.

आपल्याकडे ते दोन निराळ्या कागदांवर आहेत. नियम नगररचना खात्याकडून येतो. माणूस येतो तो आकृतिबंधातून, म्हणजे कोणत्या खात्यात किती जागा असाव्यात याच्या मंजुरीतून, आणि ती मंजुरी राज्य शासन देते. तिच्यावर आणखी एक अट: कर्मचाऱ्यांवरील खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेलेला असेल, तर नवी भरती करावयाची नाही. अट काटकसरीची आहे, पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जळगाव व धुळे यांच्यासारख्या ‘ड’ वर्गातील महापालिकांचे उत्पन्न मुळात बेताचे. म्हणून निवृत्त झालेल्या अभियंत्याची जागा रिकामी राहते, आणि त्याचे काम दुसऱ्याच्या मूळ कामात मिळविले जाते. पाणीपुरवठ्याचा अभियंता अतिक्रमणही पाहतो आणि पडकी घरेही पाहतो. पाण्याची नळी फुटली तर शेकडो माणसे ओरडतात. भिंत फुगली तर कोणी ओरडत नाही. साहजिकच भिंत उद्यावर जाते. कंत्राटी माणूस घेऊन वेळ भागविण्याचा मार्ग आहे, पण घर रिकामे करा असे बजावण्यास जो अधिकार व जी हिंमत लागते, ती अकरा महिन्यांच्या नेमणुकीतून येणे कठीण.

या गोष्टी अंदाजपत्रकाच्या सभेत विचारावयाच्या असतात. २०२३ साली दोन्ही महापालिकांची मुदत संपली, आणि पुढे काही काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. नागरिकास मात्र विचारण्याची मोकळीक होती आणि आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर कोंडवाड्याची नोंदवही, म्हणजे किती जनावरे आली, किती सुटली, किती मेली हे पाहावयास मिळते. निवाऱ्याच्या ठेक्याची बिले मिळतात. धोकादायक इमारतींची यादी नगरसंस्था पावसाळ्यापूर्वी काढतात. त्या यादीत घराचा वर्ग, पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याचे पद लिहिलेले आहे काय, हे मे महिन्यातच पाहून घ्यावे. तारीख गेल्या वर्षीची असेल, तर यंदा त्या घराचा जिना कोणी चढलेले नाही. मग वरच्या बिऱ्हाडातील माणसाने लेखी अर्ज देऊन, त्यावर आवक क्रमांक व शिक्का घेऊन, अर्जाची प्रत जपून ठेवावी.